बोट लावलं की उघडणारं झाड

१२ फेब्रुवारी

उलटं! पोरीनं घराण्याचं झाड उलटं काढलंय. मुळं वर, फांद्या खाली — वटवाघळासारखं टांगलेलं. सगळ्यात वर अल्डरिकचे पणजोबा, आणि सगळ्यात खाली, संगणकाच्या काचेच्या कडेला लोंबकळणारं ब्रुकलिनमधलं नवं बाळ. मी म्हटलं, "केझाया, वारा सुटला तर माणसं गळून पडतील." म्हणते, "आजी, जगभर असंच काढतात." जगाला काय होतंय! जगाचं छप्पर जागेवर आहे.

माझ्या नवऱ्याचा दगड बसवायचाय ईस्टर झाल्यावर. अल्डरिकला जाऊन चार वर्षं झाली, कबरीवर अजून नुसती माती आणि शंख. दगड म्हटलं की पित्रांचं ताट आलं, ताट म्हटलं की घराण्यातल्या सगळ्यांची नावं पुकारणं आलं. एकेका फांदीचं नाव घ्यायचं, त्या फांदीतल्या माणसांनी पुढं होऊन जमिनीवर पाणी आणि रम ओतायची. थोरले दीर कथबर्ट पुकारायचे, एका दमात. आता तेही मातीत. नावं कागदावर होती ती वादळानं नेली, कागद ठेवलेलं कपाट नेलं, कपाट ठेवलेलं घरही नेलं.

आणि माणसं बेटाबाहेर सांडलेली. ब्रुकलिन, टोरँटो, हडर्सफील्ड. म्हणून नात हे झाड इंटरनेटवर लावतेय, सगळ्यांनी आपापल्या फोनवर बघावं आणि चुकलेलं सांगावं. राजधानीतल्या, सेंट जॉर्जेसच्या ऑफिसाची असलीच कामं ती इथं घरी बसून करते. बघू.

१३ फेब्रुवारी

आडवं केलं! पणजोबा डावीकडं, बाळ उजवीकडं. कुठला तरी एक आकडा दुसऱ्याच्या जागी टाकला म्हणे, की सगळं घराणं कुशीवर वळलं. किनाऱ्यावर रंगवायला कलंडवलेल्या होडीसारखं दिसतं. आता कुणी पडायचं नाही.

१७ फेब्रुवारी

आज त्याला बोट लावून पाहिलं. प्रत्येक माणसाचा एक गोल. गोलाला बोट लावलं की त्याची लेकरं सुळ्ळकन बाहेर येतात, परत लावलं की बापाच्या पोटात शिरतात. मी सासऱ्यांना बराच वेळ उघड-मीट केलं. जिवंतपणी त्या माणसानं माझं एक ऐकलं नव्हतं!

मग अल्डरिकला उघडलं. आमची चार बाहेर आली. मी वाट बघत बसले.

"काय झालं आजी?"

"पाचवी कुठाय?"

"पाचवी म्हणजे?"

"व्हर्लिन."

पोरीनं मान खाली घातली. तिला वाटलं म्हातारीला दुखेल. मला काय दुखायचंय! व्हर्लिन अल्डरिकची बाहेरची मुलगी — ल'एस्टेर गावच्या बाईपासून झालेली, आमच्या लग्नानंतर. सगळ्या बेटाला माहीत. चालते तीसुद्धा त्याच्यासारखी, एक खांदा खाली टाकून. मी तिला कधी कडेवर घेतली नाही आणि कधी दारावरून हाकलली नाही. आली की जेवायला वाढायचं, जेवली की भांडं घासून जायचं, एवढंच आमचं.

पण वादळानं तिचं घर गेलं. दोन मुली घेऊन शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली राहते. घर भाड्याच्या जागेवर होतं, मालकानं जागा विकून टाकली. आमची जमीन तर वाटलेलीच नाही, घराण्यातल्या कुणीही येऊन घर टाकावं, पूर्वीपासूनची रीत. घराण्यातलं कोण, ते आता हे झाड सांगणार. दगड बसला की दुसऱ्या दिवशी सगळे जमिनीसाठी बसणार आहेत. झाडावर नाही त्याला जागा नाही.

तर व्हर्लिनला झाडावर घ्यायचं. केझायाला सांगितलं. "घेते," म्हणाली, "सोपं आहे."

२० फेब्रुवारी

सोपं नाही.

पोरीच्या झाडाला लेकरं टांगायला नवरा-बायकोची जोडी लागते. दोन गोल, मध्ये रेघ, रेघेच्या मधोमध लेकरं. व्हर्लिनच्या आईबापाची रेघच नाही, मग टांगायचं कशाला? तर व्हर्लिन आपली वरच्या कोपऱ्यात तरंगतेय, नांगर तुटलेल्या होडीसारखी. सरकवलं की सगळी सरकतात, ती तिथंच.

मी म्हटलं, "कुणी शिकवलं ह्याला? पाद्र्यानं?"

२४ फेब्रुवारी

लर्लीन आली. माझी नणंद, अल्डरिकच्या पाठची. कोपऱ्यातली व्हर्लिन तिच्या कानावर गेलीच होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणजे भांडायचंच होतं.

"वहिनी, हे काय चाललंय? घराण्याचं झाड आहे का बाजारातली जाळी, की येईल तो मासा आत?"

"मासा तुझ्या भावाचा आहे, वन्सं."

"लाज नाही वाटत सगळ्या जगाला दाखवायला? हडर्सफील्डची माणसं काय म्हणतील?"

"हडर्सफील्डला जाऊन त्यांनी काय काय केलं ते आधी त्यांना विचार. त्या फांद्या तर अजून उघडल्याच नाहीत आम्ही."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जाताजाता बोलून गेली — "ती झाडावर, तर ताट माझ्या घरात नाही. मांड मग रस्त्यावर!"

इथं अडलं. पित्रांचं ताट मूळ घरातच मांडायचं असतं, आणि सासऱ्यांचं जुनं घर तिच्या ताब्यात. वादळातून वाचलेलं दगडी जमिनीचं घर तेवढं एकच. बाईनं बरोबर नस धरली.

२ मार्च

जमलं! जमलं! केझाया सकाळीच नाचत आली, दात न घासता.

जोडीची रेघच उडवली तिनं. आता प्रत्येक लेकराचे दोन धागे, एक आईकडं, एक बापाकडं. लग्न झालं-न झालं, झाडाला विचारायचं कारण नाही. अल्डरिकला बोट लावलं, आणि पाच बाहेर आली. पाच! व्हर्लिन आमच्या धाकट्या दोघांच्या मध्ये, वयाप्रमाणं. तिच्या मागं तिच्या दोन पोरी. हलवून बघितलं. सगळ्यांबरोबर हलते.

मी एवढंच म्हटलं, "चहा घे." पोरीला कळलं मी खूश आहे ते.

दुपारी नवीन भानगड. अल्डरिकचे आईबाप एकमेकांची आते-मामेभावंडं, त्यामुळं माँ क्लेमेन्सिया दोन्हीकडून पणजी, झाडावर दोनदा. मी विचारलं, "बाई एकदाच मेली, दोन कबरी कशाला?" धागे ओढून एकच केली तर सगळ्या रेघा एकमेकींत गुंतल्या, कोळ्याचं जाळं झालं. शेवटी दोन्ही गोल ठेवले, एकीला बोट लावलं की दुसरीपण उजळते. दोन खिडक्यांत एकच बाई. चालेल.

८ मार्च

झाड सगळीकडं पाठवलं. फोन थांबेना! टोरँटोचा रॉल — माझा थोरला — म्हणाला, "आई, मी उघडत उघडत पार आपले पूर्वज आले त्या गिनीच्या किनाऱ्यापर्यंत गेलो." म्हटलं, परत ये, जेवण गार होईल.

१० मार्च

ब्रुकलिनहून थिओडोराचा, अल्डरिकच्या चुलतबहिणीचा फोन, रडवेली. माँ क्लेमेन्सिया स्वप्नात आली. रिकामं ताट घेऊन दारात उभी. म्हणाली, "माझं दार लावून घेतलंत."

केझाया हसली. मी नाही हसले. मेलेलं माणूस उगाच एवढं लांब ब्रुकलिनला जात नाही. म्हटलं, बघ जरा. तिनं थिओडोराच्या फोनएवढ्या छोट्या काचेवर झाड लावून बघितलं. क्लेमेन्सियाचा गोल उघडतच नव्हता! काच अरुंद, म्हणून तिच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव येऊन बसलेलं. बोट लागायचं ते त्या नावाला. पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं. दुपारपर्यंत दुरुस्त केलं.

आता रोज सकाळी तीच विचारते, "आजी, आज कुणाच्या स्वप्नात कोण?" ऑफिसातसुद्धा इतक्या लवकर चूक सापडत नाही म्हणे.

१२ मार्च

हडर्सफील्ड: आमचे सासरे स्वप्नात येऊन म्हणाले, अक्षरं बारीक. मोठी केली. चष्मा जिवंतपणीही घालत नव्हते.

१६ मार्च

केझायानं मेलेल्यांना राखाडी रंग दिला होता. मी काढायला लावला. विटलेल्या कपड्यासारखी दिसायची माणसं. झाड उभं आहे कुणाच्या जिवावर? आता मेलेले गोल भरीव, जिवंत पोकळ. रॉल विचारतो, मी पोकळ का? म्हटलं, देव बघतोय, भरेल हळूहळू.

२१ मार्च

लर्लीनची चाल! चर्चच्या पायऱ्यांवर, चार बायकांच्या देखत, मोठ्या आवाजात — "काल रात्री अल्डरिक माझ्या स्वप्नात आला. पांढरा सदरा घातलेला. म्हणाला, लर्ली, व्हर्लिनचं नाव झाडावरून काढ, मला झोप नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. स्वप्नाला आमच्याकडं उलट बोलता येत नाही. थिओडोराचं खरं मानलं तर लर्लीनचं खोटं कसं म्हणणार? माझ्याच झाडानं स्वप्नांना भाव आणलाय!

मी म्हटलं, "मला सोडून तुझ्याकडं आला? जिवंतपणीही घरचा रस्ता चुकायचा मेला." बायका हसल्या. पण हसण्यानं काही झाकलं जात नाही. व्हर्लिन मागं उभी होती. मासळीची पाटी उचलून निघून गेली, एक खांदा खाली टाकून.

२२ मार्च

व्हर्लिन दाराशी आली. आत नाही आली. "इस्मेबाई, काढा माझं नाव. मेल्या बापाची झोप मोडून मला घर नको."

"तुझ्या बापाला तोफेनं जाग येत नव्हती. जा, मासे विक."

बोलले खरं. पण दिवसभर हाताला काम सुचलं नाही.

२५ मार्च

क्वाशीबाबाकडं गेले. ताटाच्या वेळी ढोल वाजवणाऱ्यांत तोच सगळ्यांत म्हातारा. दगड आणि ताटाच्या बाबतीत बेटावर त्याचा शब्द शेवटचा. अंगणात बकऱ्याचं कातडं ताणत बसला होता. सगळं सांगितलं. ऐकलं, पण मान वर केली नाही.

"अल्डरिक आला लर्लीनच्या स्वप्नात?"

"ती म्हणते."

"ती म्हणते म्हणजे आला. मेलेलं माणूस गप्पा मारायला येत नाही, इस्मे. भूक लागली म्हणून येतं. ज्याच्या स्वप्नात येतं, त्यानं ताट मांडायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं, कुणालाही न अडवता. हे तुला माहीत नाही?"

मला माहीत नाही होय! जन्मापासून माहीत आहे. भांडणाच्या नादात डोक्यातून निसटलं. आणि लर्लीनच्याही! भावाला स्वप्नात आणलं आणि स्वतःच्याच दाराची कडी स्वतःच काढली.

"आणि नाव काढायचं म्हणाला ते?" मी विचारलं.

"भुकेल्या माणसाचं बोलणं जेवण झाल्यावर धरायचं. आधी जेवू दे. मग परत कुणाच्या स्वप्नात येऊन तेच म्हणाला, तर बघू."

घरापर्यंत चालत आले की उडत आले, आठवत नाही.

२६ मार्च

क्वाशीबाबा स्वतः गेला लर्लीनकडं, अंगावर कोट घालून. मी कुंपणाच्या अलीकडं शेंगा तोडत होते. शेंगा काढायला झालेल्या नव्हत्या.

"लर्लीन, अभिनंदन. अल्डरिकनं तुला निवडलं."

"कशाला?"

"ताटाला. भात, मक्याच्या पिठाचं कू-कू, मटण, सगळं तुझ्या चुलीवर. रम चांगली आण, त्याला पातळ आवडत नसे."

लर्लीनचं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. केझायाच्या झाडातला गोल जसा!

स्वप्न पडलंच नव्हतं म्हणावं, तर चर्चच्या पायरीवर खोटं बोलली. पडलं म्हणावं, तर मांड ताट.

"मांडीन की," म्हणाली. "माझाच भाऊ आहे." आणि मी दिसले तशी, "वहिनी, कच्च्या शेंगा खाऊन पोट दुखेल हो."

तेवढं एक बरोबर बोलली.

१९ एप्रिल

रॉल आला फेरीबोटीनं. थिओडोरा आली. हडर्सफील्डचे आले, सगळे लाल, उन्हानं सोललेले. प्रत्येक जण भेटला की आधी फोन काढून स्वतःचा गोल दाखवतो. जणू मी बघितलाच नाही! पण दाखवू दिलं. थिओडोराची सून गळ्यात पडायच्या आधीच म्हणाली, "मी कुणाच्या शेजारी आहे बघा!" दोन चुलतभाऊ फोनवर भांडत आले आणि कळलं की एकाच शहरात एकाच रस्त्यावर राहतात.

२६ एप्रिल

दगड बसला. सरळ बसला. कुणी रडलं, कुणी नाही. मी नाही.

मग ताट. लर्लीननं काही कमी केलं नव्हतं, खोटं का बोलू. पांढरी चादर, मटण, कू-कू, वाटाण्याचा भात, कडेला रमचा पेला. तिचा चेहरा मात्र दात काढायला आलेल्या माणसाचा. ढोल सुरू झाले. केझाया मोठी काच हातात घेऊन माझ्याजवळ उभी. ती बोट लावणार, फांदी उघडणार. मी नाव पुकारणार. माझी नजर बेताची, पण नावं मला पाठ आहेत. काच फक्त क्रम सांगते. येऊ न शकलेले लोक आपापल्या फोनवर तेच झाड उघडून बसले होते. इथं गोल उघडला की तिथंही उघडत होता.

"क्लेमेन्सियाची फांदी!" तिची माणसं पुढं आली, पाणी ओतलं, रम ओतली. दोन्ही गोल उजळले. थिओडोरा ओरडली, "बघा, उघडलं दार!" मग पुढची. मग पुढची. कुठं अडलं नाही, कुणी सुटलं नाही. कथबर्ट असते तर जळले असते!

मग अल्डरिक. केझायानं बोट लावलं. पाच धागे सुळ्ळकन बाहेर.

मी चौघांची नावं घेतली. रॉल पुढं आला, बाकीचे आले. मग मी थांबले. व्हर्लिन अंगणाच्या बाहेर उभी होती, फाटकाच्या पलीकडं, पोरींचे हात धरून. सकाळपासून तिथंच, आत पाय टाकला नव्हता.

"व्हर्लिन! अल्डरिकची!"

ढोल थांबले. एवढी माणसं, पण बकरी ओरडलेली ऐकू आली. ती आली. हळूहळू. सगळ्यांनी वाट दिली. आणि रमची बाटली होती लर्लीनच्या हातात, कारण ज्याचं स्वप्न त्याच्या हातात बाटली.

लर्लीन हलेना.

क्वाशीबाबानं ढोलावर एक थाप मारली. एकच. लर्लीन दचकली. तिनं व्हर्लिनकडं बघितलं — खांद्याकडं, चेहऱ्याकडं, त्या दोन पोरींकडं. धाकटीच्या कपाळावर सासूबाईंसारखाच भोवरा. मग बाटली पुढं केली.

"घे. आणि सगळी ओतू नकोस, महागाची आहे."

व्हर्लिननं ओतली. बेतानंच. काचेतून हडर्सफील्ड आणि टोरँटो एकदम ओरडले, आवाज फाटला, बकरी पळाली. ढोल असे सुरू झाले की दगडी जमीन हलली. केझाया रडत होती, काच ओली करत होती. म्हटलं, पूस, आत पाणी जाईल.

मी नाचले. गुडघ्यासकट.

२७ एप्रिल

जमिनीसाठी बसले. झाड भिंतीवर लावलं होतं. कुणी वाद घातला नाही — काल ओतलेली रम आज परत कशी घेणार? व्हर्लिनला चिंचेजवळची जागा. लर्लीनला दुखतंय का म्हणून विचारलं तर म्हणाली, थकलेय.

२ मे

चिंचेजवळ खांब उभे राहिले. व्हर्लिन मासे घेऊन आली, मोठा लाल मासा, साफ केलेला. ह्या वेळी आत आली, बसली. जेवली. भांडं मी घासलं.

५ मे

झाडाच्या दाराशी एक नवीन माणूस आलाय. कुणी सुटलं असेल तर स्वतः कळवावं म्हणून केझायानं सोय केली आहे, तिथून. त्रिनिदादचा आहे, पोर्ट ऑफ स्पेनचा. साठीच्या आसपास. फोटोही पाठवलाय. लिहितो की दुसऱ्या घरी वाढलो, बाप माहीत नाही, आईचं नाव तेवढं माहीत आहे, आणि सगळे गोल उघडत उघडत ते नाव तुमच्या झाडावर सापडलं. लर्लीन.

लर्लीन तरुणपणी त्रिनिदादला घरकामाला होती. परत आली ती अबोल. आम्ही म्हणायचो, पोरगी सुधारून आली.

केझायानं विचारलं, जोडू का? मी म्हटलं, हात लावू नकोस. फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि लर्लीनकडं गेले. ताटाची पांढरी चादर वाळत घालत होती. फोन तिच्या हातात दिला.

तिनं फोटो बघितला. चिमटे तोंडात तसेच. मग ते काढले.

"वहिनी," म्हणाली, "हा फोटो मोठा कसा करायचा?"